नोकरी सोडण्याचं कारण

आई गेल्याची तार आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तीन दिवसांची रजा मागितली. जेवणाची सुट्टी होती. अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्या लहानशा ड्रॉइंग ऑफिसात आम्ही पाच मराठी माणसं एकाच टेबलाशी जेवायचो. मालकांना सगळे काका म्हणत. काकांनी डब्यातून मान वर केली.

"तुमच्यात सुतक नसतंच ना रे? मग रजा कशाला?"

कोणीतरी हसलं. काका पुढे म्हणाले,

"आता निघून पोचणार कधी तू? बॉयलरचं ड्रॉइंग शुक्रवारी जायचंय. ते फिनिश कर. मग वीकेंडला रड हवं तेवढं."

मी हात धुतले. बोर्डावरचं अर्धं ड्रॉइंग तसंच ठेवलं. कोट घेतला आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही.

तीन वर्षं मी तिथे होतो. पहिल्या महिन्यात काकांना माझ्या आडनावावरून काही कळेना, म्हणून गाव विचारलं. मग गावातली वस्ती विचारली. मी सांगितली. त्यानंतर लोणच्याची बाटली माझ्यापर्यंत यायची थांबली. बाकी सगळे 'काका' म्हणत असताना मला सांगण्यात आलं, "तू सर म्हण." मी म्हणत राहिलो. आई कामठीत विड्या वळायची. मी निघताना ती म्हणाली होती, "तिथं कोणाला सांगू नको बाप्पा. गुपचाप काम कर." मी तिचं ऐकलं.

ग्रीन कार्ड होतं, म्हणून बेकारी भत्त्याचा अर्ज तरी करता आला. अर्जात रकाना होता: नोकरी सोडण्याचं कारण. खिडकीमागच्या बाईंनी बजावलं होतं, स्वतःहून सोडली असेल तर भत्ता मिळत नाही. मालकाच्या वागण्यामुळे सोडावी लागली असेल तरच मिळतो. मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग लिहिलं: वैयक्तिक.

माझ्याच हातानं. माझी आई मेली होती, मला हसले होते, आणि मी त्यांचं पाप माझ्या नावावर लिहून दिलं.

अर्ज नामंजूर झाला. मी अपील केलं.

सुनावणीच्या खोलीत टेबलावर टेपरेकॉर्डर होता. काका टाय लावून आले होते. सुनावणी घेणारा अधिकारी कॅसेट बदलत होता, तेवढ्यात ते मराठीत हळूच म्हणाले, "कशाला उकरून काढतोस? यांना काय कळणारे? तुझंच हसं होईल."

त्यांना खात्री होती की मी बोलणार नाही. आमच्या लाजेवर त्यांचा फार भरवसा असतो.

टेप सुरू झाला. मी बोललो. जात म्हणजे काय, मी कोण, ते कोण, बाटली, 'सर', सुतक. अधिकाऱ्यानं काकांना विचारलं, "तुम्ही असं म्हणालात?"

"चेष्टेत," काका म्हणाले. "आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "सोडण्यापूर्वी तुम्ही तक्रार केली होती?"

"नाही."

"तीन वर्षांत एकदाही?"

"नाही."

काल निकाल आला. पुन्हा नामंजूर. मालकाला चूक सुधारण्याची संधी न देता नोकरी सोडली, असं त्यात लिहिलंय. संधी. तीन वर्षं रोज दुपारी ते टेबल मांडलेलं होतं.

पण तक्रार केली नव्हती हे खरं आहे. आई भीतीपोटी गप्प राहिली आणि तिनं मलाही गप्प राहायला शिकवलं. तिच्यावर माझा राग नाही. पण तिचं ते एक सांगणं मी आता पाळणार नाही.

वरच्या मंडळाकडे अपील करायला अजून मुदत आहे. आज सकाळपासून लिहितो आहे. तेही नामंजूर झालं तरी फायलीत राहील. पहिल्याच ओळीत जात लिहिली आहे. माझी, आणि त्यांचीही.