आस्कंदाचं दूध

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव म्हणजे एका घराआड एक माणूस फौजेत. पेन्शनवर आलेल्या प्रत्येकाला गाव ‘मेजर’च म्हणतं, मग तो साधा शिपाई का असेना. माझे वडील, आमचे दादा, तर सुभेदार होऊन घरी आलेले. सव्वीस जानेवारीला शाळेतला झेंडा त्यांच्याच हातून, आणि बांधावरून कुठं जुंपली तरी “मेजरला बोलवा”.

अशा माणसाला घरात बसून घाबरं व्हायचं. कशानंही व्हायचं. दाराची कडी जोरात वाजली, कुणी बादली जागची हलवली, पेन्शनच्या दिवशी बँकेत रांग दिसली, झालं! लढाईबिढाईचं काही नव्हतं त्यात. सगळा जन्म शिट्टीवर उठण्याबसण्यात गेला आणि आता दिवसभर करायचं काय, हेच त्यांना कळेना. छातीत धडधड, तळहाताला घाम, आणि हात थरथरायचे. म्हणून पाहुण्यांसमोर ते कधी चहा घ्यायचे नाहीत. “आत्ताच झाला,” म्हणायचे आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे.

आईच्या माहेरी बाळंतिणीला आस्कंदाचं दूध द्यायची रीत होती. जीव थाऱ्यावर येतो म्हणे. शहाणी माणसं त्याला अश्वगंधा म्हणतात. आईनं तेच दादांना सुरू केलं. पूड दुधात उकळायची, खडीसाखर घालायची, आणि वर टाळूला ब्राह्मीचं तेल. गुण आला का? थोडा आला. निदान त्यांची पाठ अंथरुणाला टेकायला लागली. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की दादा हिंदीत शिरायचे. “मुझे क्या हुआ है?”

पण आस्कंदाला वास असा, की पूड उकळायला ठेवली की आळीला कळावं. एक दिवस समोरची काकू उंबऱ्यातच येऊन उभी राहिली.

“कशाचा गं वास? कुणाला काय झालंय?”

“पोरीला,” आई म्हणाली. “बारावीचं वरीस हाय न्हवं. टेन्शन घेती लय.”

मी चुलीपाशीच बसले होते. काकू गेल्यावर मी आईवर अशी उखडले!

“माझं नाव कशाला घेतलंस?”

“मग काय मेजरचं घेऊ? झाकली मूठ सव्वा लाखाची असती, बाई.”

बास, त्या दिवसापासून दादांचं औषध माझं झालं. मी कॉलेजला एसटीनं साताऱ्याला जायचे, तर काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणायची ती मीच. वासाचा संशय नको म्हणून आई माझ्याही डोक्यावर ते तेल थापायची. एसटीत शेजारची बाई नाक मुरडून तोंड खिडकीकडे करायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण दादांकडे बघितलं की मी गप्प बसायचे. ते दूध पिताना माझ्याकडे बघायचे नाहीत, आणि मी त्यांच्याकडे.

घोळ पुढंच झाला. परीक्षा संपली, निकाल लागला, मी चांगल्या मार्कांनी पास झाले, आणि औषध काही संपेना. आता सांगायचं काय? आधी आळी म्हणत होती, पोर हुशार आहे, जिवाला लावून घेते. मग म्हणायला लागली, पोरीच्या डोक्यात कायतरी हाय. मैत्रिणी माझ्याशी सांभाळून बोलायला लागल्या. मला त्याचीच लाज जास्त वाटायची.

दिवाळीनंतर विट्याच्या आत्यानं स्थळ आणलं. मुलाचं दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान, माणसं चांगली. मुलगा, त्याची आई आणि मामा असे तिघं आले. पोहे द्यायला काकूच मदतीला. मी खाली मान घालून पाटावर बसले. मुलाची आई गोड आवाजात म्हणाली,

“राग मानू नका, पण कानावर आलंय. पोरीला डोक्याचं औषध चालू हाय म्हनं?”

काकूनं ताट उचललं आणि ती उगाचच पाणी आणायला आत गेली. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

“छे, छे! ते आपलं अभ्यासाचं...”

“अभ्यास तर कवाच संपला न्हवं?”

मला वाटलं, जमीन फाटावी. हे स्थळ मोडलं असतं तर मोडलं असतं, पण ‘डोक्याची’ म्हणून मोडलेल्या पोरीला पुन्हा कोण बघायला येतंय? तिथं बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

“औषध माझं हाय,” दादा म्हणाले.

मामा मोठ्यानं हसले. “काय मेजर, चेष्टा करता व्हय! तुमाला आन् डोक्याचं औषध? आवं, बापाचं काळीज कळतंय आमाला. पोरीसाठी मानूस काय बी बोलंल.”

आत्या हसली, मुलाची आई हसली. कुणाला खरंच वाटेना! दादा माझ्याकडे वळून म्हणाले, “मला बी चहा दे गं.”

मी कपबशी पुढं केली. त्यांनी मांड्यांखालून हात काढले आणि सगळ्यांसमोर ती धरली. कप बशीवर असा वाजायला लागला की मामांचं हसणं अर्ध्यावर राहिलं. चहा बशीत सांडला, बशीतनं त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर. पोळलं असेल, पण त्यांनी कप खाली ठेवला नाही. उरलेला चहा पिऊनच ठेवला.

“पोरगी ठणठणीत हाय,” ते म्हणाले.

माझी मान वर होईना. शरमेनं कानशिलं तापली होती. आणि त्याच वेळी आतून सुटल्यासारखं वाटत होतं, ते तर शरमेहून वाईट. बाप चहा सांडतोय आणि मी मनात म्हणतेय, सुटले!

आठ दिवसांनी आत्याचा निरोप आला की मुलगी पसंत आहे. आई देवापुढं साखर ठेवताना रडली. कशासाठी ते मी विचारलं नाही.

ती सव्वीस जानेवारी उजाडली. शाळेतून बोलावणं आलं नाही. दादांच्या औषधाचं काकूच्या तोंडून गावभर झालंच होतं. गाव वाईट नव्हतं, ‘त्यांना त्रास कशाला’ एवढंच म्हणालं. दादा तरीही इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर बसले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून आईनं आस्कंदाचं दूध तिथंच नेऊन दिलं. मी आतून दाराआडून बघत होते. माझं लग्न त्या हातांवर ठरलं होतं, आणि मला त्यांच्यासमोर जायचं तोंड नव्हतं.

शाळेत झेंडावंदनाचा ताशा वाजला. दादा ताडकन उठले, टाचा जुळवल्या. पण पेला हातातच. तो हलत होता, दूध बोटांवरून ओघळत होतं, आणि ठेवावा कुठं हे त्यांना सुचत नव्हतं. समोर काकू अंगण झाडायची थांबून बघत होती.

मी बाहेर गेले आणि पेला माझ्या हातात घेतला. दादांनी सॅल्यूट केला.