काकांचं नारदीय चालणं

माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि तिथेच फसला, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी पाहिलाय. तो म्हणजे अकोल्यातले आमचे शेजारचे काका. कुणीतरी त्यांना मोबाइलवर नॉर्डिक वॉकिंगचा व्हिडिओ पाठवला. दोन्ही हातांत काठ्या घेऊन गोरी माणसं डोंगर चढताहेत. काकांनी ते ‘नारदीय’ ऐकलं आणि आपलंच आहे म्हणून पोटाशी धरलं. नारदमुनी तिन्ही लोक हिंडले, त्यांचे गुडघे दुखल्याचं कुठं ऐकलंय का, असं ते मलाच विचारायचे. मी दुरुस्ती करायला गेलो तर वीणेचा दांडा ही मूळची काठीच कशी, हे तासभर ऐकून परत आलो.

या सगळ्या नादाचं मूळ होतं काकूंच्या गुडघ्यांत. डॉक्टरांनी काठी घेऊन चाला म्हटलं, आणि त्या दिवसापासून काकूंनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. हातात काठी धरून चारचौघांत म्हातारी व्हायचं नव्हतं त्यांना. लग्नानंतर दोघं चिखलदऱ्याला गेली होती. तिथल्या धुक्याबद्दल काकू अजून झोपेत बोलल्यासारखं बोलायच्या, पण पुन्हा जाऊ म्हटलं की भाजी निवडायला घ्यायच्या.

काकांनी वेळूच्या दोन काठ्या आणल्या आणि त्यांना कुबड्यांची रबरी बुचं बसवली. बुचं देताना दुकानदारानं हळहळून विचारलं, पाय कोणता गेला? एसटीत कंडक्टरनं अपंगांची सीट रिकामी करून दिली, तर हे महाशय परतवाड्यापर्यंत मुद्दाम उभे राहिले. अकोल्यात डोंगर कुठला, म्हणून पहाटे उड्डाणपूल चढायचे-उतरायचे. भेटेल त्याला थांबवून सांगायचे, गुडघ्याचा भार हातांवर जातो, पाठ ताठ राहते, छाती भरून श्वास येतो, उतारावर तर चार पाय फुटल्यासारखं वाटतं. पोरं हसायची, मग कंटाळली. वर्षभरात त्या टकटकीकडे कुणी मान वळवून पाहीना.

या हिवाळ्यात मी दोघांना गाडीनं चिखलदऱ्याला नेलं. दरी धुक्यानं काठोकाठ भरली होती. काकू गाडीतच बसून राहिल्या.

“तुमचे पाय त धडधाकट हायेत,” त्या काकांना म्हणाल्या, “मंग गावभर हसू काहून करून घेऊन राहिले?”

काकांनी दोन्ही काठ्या गाडीच्या दाराशी टेकवल्या.

“एक काठी म्हातारपनाची असते. दोन असल्या का व्यायाम होते. गावाले सवय लावून देल्ली मी. आता तुले कोनी हासनार नाई.”

काकूंनी दारातूनच काठ्यांची बुचं चाचपून पाहिली. मग पदर खोचून खाली उतरल्या.

मी उगाच गाडीची काच पुसत बसलो. धुक्यात टकटक दूर जात होती. काकू पुढे होत्या. मागून काका चालले होते, रिकामे हात काठ्या धरल्यासारखे मागेपुढे हलवत.