दिवाळीच्या शर्टांवर बेतलेल्या आठ चोळ्या

पहिल्या मुलाने चोळी अंगात घातली आणि ती त्याच्या एका खांद्यावरून खाली उतरली. त्याने ती वर ओढली, तर दुसऱ्या खांद्यावरून उतरली.

"मावशी, यात मी आणि माझा भाऊ, दोघं मावतो," तो म्हणाला. सगळी पोरं हसली.

मी हसले नाही. वाघ सरही हसले नाहीत. तो गुरुवार होता आणि रविवारी सकाळी शहरातल्या शाळांची नाचाची स्पर्धा होती.

सुरतला प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मी सुरतच्याच नवागाम भागात घरी मशीनवर बायकांचे ब्लाउज शिवत असे. साड्यांना फॉल लावायचं कामही असे. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, पण इंच आणि सूत मला कधी चुकले नव्हते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. घरापासून थोड्या अंतरावर मराठी माध्यमाचं मुलांचं हायस्कूल होतं. तिथले चित्रकलेचे वाघ सर शाळेची नाच-नाटकंही बसवायचे. त्यांनी मला ही ऑर्डर दिली होती. शाळेची माझी ती पहिलीच ऑर्डर.

नाच कानबाईचा होता. कानबाई ही आमची खानदेशची देवी. श्रावणात ती घरात बसवतात आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन, नाचत-गात पाण्यापर्यंत नेतात. सरांनी तीच मिरवणूक स्टेजवर बसवली होती. शाळेत मुली नाहीत, त्यामुळे आठ मुलं बायका झाली होती. त्यांना नऊवारी आणि चोळ्या लागणार होत्या.

नऊवारीची मला काळजी नव्हती. सुरतेत साडी मिळते ती साडेपाच मीटरची. एका साडीला दुसरीचा अर्धा तुकडा जोडला की नऊवारी होते. काष्टा मी शिवूनच टाकला आणि कमरेला नाडी घातली. पोरांनी पायजम्यासारखी चढवायची आणि नाडी बांधायची. बारीक असो की जाड, बसतेच.

चोळीला नाडी नसते. चोळीला माप लागतं, आणि चूक मापात झाली.

मी तोवर पुरुषाच्या अंगाला टेप लावला नव्हता. ही मुलं आठवी-नववीची, कोणाकोणाला मिसरूड फुटलेलं. मला अनोळखी माणसापुढे बोलायचंही जड जातं. म्हणून मी सरांना म्हटलं, "प्रत्येकाकडून मापाचा एकेक शर्ट मागवून घ्या. त्यावरून बेतते."

सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. बायका ब्लाउज शिवायला टाकतात तेव्हा असंच करतात, एक जुना ब्लाउज मापाला देतात. मी शर्टाची छाती मोजली आणि त्यातून चार इंच वजा केले. शर्ट ढिला असतो, चोळी अंगाबरोबर असते. हा फरक म्हणजे आमच्या भाषेत लूजिंग.

आठ शर्ट पिशवीत घालून आले होते. सात इस्त्री केलेले, नवेकोरे. एकाचं तर कॉलरमधलं पुठ्ठ्याचं पान तसंच होतं. मला वाटलं, आया किती टापटीप आहेत. मापं घेताना एकदा मनात आलं की आठवीची पोरं एवढी दांडगी कशी? पण प्रॅक्टिस बघायला मी एकदाही गेले नव्हते. मुलांना पाहिलंच नव्हतं. मी कात्री चालवली.

शाळेच्या लायब्ररीत ट्रायलला उभी राहिली ती काडीसारखी पोरं. सहा चोळ्या ढगळ, एक बरी, आणि आठवी इतकी घट्ट की प्रकाश नावाच्या मुलाचा हात बाहीत कोपरापर्यंत जाऊन अडकला.

"अरे, हे शर्ट कोणाचे आणले होते तुम्ही?" सरांनी विचारलं.

"आमचेच, सर. दिवाळीचे."

"मग ते तुम्हाला एवढे मोठे?"

"आई म्हणते वाढतं अंग आहे. दहावीपर्यंत चालला पाहिजे."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या मुलाचा, गणेशचा, दिवाळीचा शर्टही मी दोन नंबर मोठा घेतला होता. त्याच्या बाह्या मीच रोज दुमडून देत होते. शाळेतून मापाचा कपडा मागितला, तर कोणती आई फाटका, नेहमीचा शर्ट पाठवेल? तिने घरातला चांगला शर्ट पाठवला. चांगला म्हणजे नवा, आणि नवा म्हणजे मोठा. मी स्वतः असते तर तेच केलं असतं. हे ज्या बाईला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, ती मीच होते.

आवाज ऐकून हेडसर लायब्ररीच्या खोलीत आले. ते मोजकं बोलायचे. त्यांनी चोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टेपची गुंडाळी करत उभी होते.

"वाघ, मुलं बायकांच्या वेषात स्टेजवर जाणार. तिथे एखाद्याची चोळी घसरली तर वर्षभर त्याला शाळेत चिडवतील. हे मला नको."

"सर, दुरुस्त होतील."

"नाहीतर भाड्याने आणा ना."

"भाड्याच्या दुकानात नुसती चणिया-चोळी आहे, सर. कानबाईच्या पुढे काय गरबा खेळायचा?"

हेडसरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "शनिवारी चार वाजता मी रंगीत तालीम बघतो. कपडे नीट असले तर नाच. नसले तर नाव मागे घेतो." मग मला म्हणाले, "बाई, जमेल का? खरं सांगा."

मी मान डोलावली.

ते गेल्यावर प्रकाश माझ्याजवळ आला. कानबाई डोक्यावर घेऊन नाचायचं काम त्याचं होतं. पाटावर कलश, कलशावर नारळ, त्याला नथ आणि दागिने, आणि हे सगळं हात न लावता डोक्यावर. घरी नळावरून हंडे आणून त्याची मान पक्की झाली होती. तो नववीत दुसऱ्यांदा बसला होता. पोरं त्याला 'रिपीट' म्हणायची, नावाने कोणी हाक मारत नसे.

"मावशी, माझी चोळी तर फाटेलच. मग मला काढून टाकतील का?"

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. पण दोन महिन्यांपासून करतोय मी. बापाला पण सांगून दिलं. तो रविवारी पाळी बदलून येणारे."

मी त्याला म्हटलं, "तुझी चोळी पहिली करते."

वाघ सरांनी दुपारीच माझं मशीन लारीवर, म्हणजे हातगाडीवर, घालून शाळेत आणवलं. आता मापं परत घ्यायची होती. मी पोरांना म्हटलं, "तुम्ही एकमेकांना टेप लावा. मी लिहून घेते."

"छाती छत्तीस!"

"हट! माझी साडेछत्तीस!"

"मावशी, लिहा, अडतीस!"

तिघांची मापं लिहून झाल्यावर मी मान वर केली. अडतीसवाला मुलगा झाडूच्या दांड्याएवढा होता. गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले.

"ताई," वाघ सर म्हणाले, "ही पोरं श्वास धरून उभी आहेत, टेपही ढिला सोडतायत. अशाने होणार नाही."

मलाही ते कळलं होतं. मी पदर खोचला आणि उठले. माझे कान गरम झाले होते. टेप हातात घेतला आणि पहिल्या मुलाच्या पाठीमागून फिरवून पुढे आणला.

"नाव सांग."

"सुनील."

"सुनील, श्वास सोड. सगळा सोड. आता हात वर कर."

एकोणतीस इंच. शर्टावरून मी बत्तिसाची चोळी बेतली होती. दुसरा अठ्ठावीस. तिसरा तीस. तिसऱ्यानंतर माझे कान थंड झाले. पोरंही सरळ उभी राहिली. टेप लावणारी बाई त्यांच्या आईसारखीच खेकसते, हे त्यांना समजलं असावं.

ढगळ चोळ्यांचं काम सोपं असतं, फक्त वेळखाऊ. बाही उसवायची, खांदा कमी करायचा, बाजूची शिवण आत घ्यायची, बाही परत लावायची. सहा चोळ्यांना शुक्रवारचा सगळा दिवस गेला. मधल्या सुट्टीत पोरं खिडकीत येऊन कोणाची झाली ते विचारून जायची.

प्रकाशची चोळी मी म्हटल्याप्रमाणे पहिली घेतली होती, पण ती सुटत नव्हती. प्रत्येक शिवणीच्या आत थोडं जादा कापड ठेवतात, ते मार्जिन. ब्लाउजला मी दोन्ही बाजूंना एकेक इंच ठेवते. बाई बाळंत झाली की ते लागतं. ते सगळं सोडलं. छातीत चोळी बसली. पण त्याने पाट उचलायला दोन्ही हात वर केले की काखेत 'टर्र' असा आवाज यायचा.

त्याची आई लीलाबाई आमच्या मागच्या गल्लीत राहायची. शुक्रवारी घरी जाताना मी तिला विचारलं, "एवढा लहान शर्ट कशाला पाठवलास गं?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "पांढरा शर्ट एकच शे. तो तुले दिधा तर पोर्‍या शाळामा काय घालीसन जाई वं?"

एकुलता पांढरा शर्ट पोराला शाळेत घालायला राहावा म्हणून तिने तीन वर्षांपूर्वीचा, आखूड झालेला शर्ट पाठवला होता.

काखेचा उपाय मला माहीत होता. तिथे चौकोनी तुकडा तिरका बसवायचा, म्हणजे हात वर केला की तो उघडतो आणि खाली केला की मिटतो. पण चोळीचं हिरवं कापड संपलं होतं. साड्यांच्या काठाचा रंग तोच हिरवा होता. शनिवारी सकाळी मी प्रकाशच्या नऊवारीचा काष्टा मागून उसवला. आत दुमडून राहिलेला, कोणाला न दिसणारा काठ दोन वीत कापला आणि त्याचे दोन तुकडे काखेत बसवले. एकदा टीप घातली, मग त्यावरून पुन्हा घातली.

"हात वर कर."

त्याने केले.

"आता पाट घे."

त्याने पाट डोक्यावर घेतला, हात सोडले आणि एक गिरकी मारली. आवाज आला नाही.

"नाचू का पूर्ण?"

"चार वाजता नाच. आता माझं मशीन पाडशील."

चार वाजता हेडसर खुर्ची टाकून बसले. सगळा नाच बघितला. फुगडीच्या वेळी पुढे वाकून बघितला. संपल्यावर वाघ सरांना एवढंच म्हणाले, "उद्या सातला बस येईल."

रविवारी हॉल भरला होता. इतर शाळांच्या मुली घेरदार कपड्यांत गरबा करून गेल्या. मी पडद्याच्या बाजूला सुई-दोरा आणि सेफ्टी पिनांची डबी घेऊन उभी होते. आमची पोरं आत गेली, ढोल सुरू झाला. प्रकाशने खाली बसून पाट उचलला आणि दोन्ही हात वर केले. बाकीचे लोक नाच बघत होते. मी काखा बघत होते.

तो फिरला, वाकला, गुडघ्यावर बसला आणि तसाच उठला. नारळावरची नथ हलत होती, पण नारळ जागचा हलला नाही. मागच्या बाजूला कोणीतरी खानदेशी माणूस "कानबाई माता की" असं ओरडला आणि अर्ध्या हॉलने "जय" म्हटलं. तो प्रकाशचा बाप होता, हे मला नंतर कळलं.

नाच झाल्यावर स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या एक गुजराती बाई नाश्त्याचे पुडे घेऊन आल्या. आमच्या पोरांना बघून त्यांनी आपल्या माणसाला आधी मुलींना द्यायला सांगितलं, "पहेला छोकरीओने आपो."

प्रकाशने पुडा घेतला आणि फुटलेल्या जाड आवाजात म्हणाला, "बेन, अमे तो छोकरा छीए."

बाईंच्या हातातला दुसरा पुडा खाली पडला. वाघ सर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, याच्यावर आता कुठलं सर्टिफिकेट पाहिजे तुम्हाला?"

पहिला नंबर गरब्याच्या शाळेला गेला. आमचा दुसरा आला. आमची शाळा शहराच्या स्पर्धेत त्याआधी कधी नंबरात आली नव्हती. आणि एकट्या कलाकाराला द्यायचं सर्टिफिकेट एकच होतं, सगळ्या शाळांत मिळून. ते प्रकाशला मिळालं.

सोमवारी मी मशीन न्यायला शाळेत गेले तेव्हा प्रार्थना चालू होती. मी व्हरांड्यात थांबले. हेडसरांनी माईकवर त्याचं पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. तो पुढे गेला. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दोन-दोन घड्या घालून वर दुमडलेल्या होत्या. मैदानावर टाळ्या वाजल्या. मागच्या ओळीतून कोणीतरी "रिपीट!" असं ओरडलं, आणि हेडसर म्हणाले, "हो, पुढच्या वर्षी पण रिपीट करायचं आहे. स्टेजवर." मग पोरं खरंच हसली. प्रकाशही हसला.

त्यानंतर चार वर्षं शाळेचे कपडे मीच शिवले. टेप मीच लावला. पुढच्या जूनमध्ये गणेशचा युनिफॉर्म घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने दोन शर्ट पुढे टाकले, एक मापाचा आणि एक दोन नंबर मोठा. मी मोठाच उचलला.

मापाचा कपडा अजूनही काही बायका पाठवतात. घ्यायला हरकत नाही. फक्त तो कोणत्या वर्षासाठी घेतला आहे, हे आधी विचारून घ्यावं.