बदाम की जाली आणि म्यूऑनचं आयुष्य

एका चुकीच्या उत्तरासाठी मी अख्ख्या फिजिक्स डिपार्टमेंटला मिठाई वाटली आहे. तीही साधीसुधी नाही, हैदराबादेत हिमायतनगरच्या दुकानातली बदाम की जाली, वर चांदीचा वर्ख. हे मी घरी कुणाला कधी सांगितलं नाही. माझ्या नातीला मराठी वाचायचा कंटाळा आहे, म्हणून इथे निर्धास्तपणे लिहिते.

त्या दुपारी तारनाक्याला आमच्या लॅबशेजारच्या कॉफी रूममध्ये बॉक्स उघडा होता आणि मी उभी राहून भाषण करत होते. मी तेव्हा बावन्न वर्षांची, म्हणजे आजच्या हिशोबाने पोरच. प्रोफेसर होऊन काही वर्षं झालेली, केस नुकतेच काळे केलेले, आणि चेहऱ्यावर सगळं कळत असल्याचा भाव. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी सुजाता कोपऱ्यात उभी होती. मिठाई तिच्याच रिझल्टची. पण हातातली जाली तिने अजून तोंडाला लावली नव्हती. माझं तिकडे लक्ष नव्हतं. माझं तेव्हा मुख्यतः माझ्याकडेच लक्ष असायचं.

तेवढ्यात हबीबसाहेब आले. हे आमचे थिअरीवाले, म्हणजे जन्मात हातात स्क्रूड्रायव्हर न धरलेला माणूस. त्यांनी दोन तुकडे उचलले.

"किस खुशी में, मॅडम?"

"म्यूऑनचा लाइफटाइम मोजला. २.२ मायक्रोसेकंद. पुस्तकातल्यासारखा, तंतोतंत."

हबीबसाहेब चावायचे थांबले. "अपने प्लास्टिक में नापे ना?"

"हौ, प्लास्टिकमध्येच."

"तो २.२ कैसा आया? कम आना था ना."

मी हसले. मग माझं हसणं माझ्याच कानाला खोटं वाटायला लागलं.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगते, घाबरू नका. अवकाशातून येणारे कण वातावरणावर आदळतात, त्यातून म्यूऑन तयार होतात. इलेक्ट्रॉनचा जाडजूड भाऊ समजा. हे वाचत असताना तुमच्या डोक्यातूनही जाताहेत, त्यांना तुमची काही पडलेली नाही. एखादा आमच्या खास प्लास्टिकच्या ठोकळ्यात येऊन थांबतो, तेव्हा एक चमक उमटते. थोड्या वेळाने तो मरतो, तेव्हा दुसरी चमक. दोन चमकांमधला वेळ म्हणजे त्याचं आयुष्य. असे पुष्कळ जमवायचे आणि सरासरी काढायची. मोकळ्या म्यूऑनची सरासरी २.२ मायक्रोसेकंद, आणि मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

पण म्यूऑन दोन प्रकारचे असतात, धन आणि ऋण. ऋण म्यूऑनला प्लास्टिकमधला कार्बन जवळ ओढतो आणि त्यांच्यातल्या काहींना चक्क गिळतो. ते बिचारे वेळेआधीच जातात. म्हणून प्लास्टिकमध्ये सरासरी थोडी कमी यायला हवी, २.१२ च्या आसपास. हे मी दरवर्षी एम.एस्सी.ला शिकवत होते. पेपरात विचारत होते. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचे मार्क कापत होते.

आणि सुजाताचं पहिलं उत्तर होतं २.१२. माझ्या डोक्यात मात्र पुस्तकातलं २.२ पक्कं बसलेलं.

सुजाताचे वडील नांदेडकडचे, रेल्वेत नोकरीला, म्हणून ती तारनाक्यातच वाढलेली. मराठी नांदेडची, त्यात हैदराबादचा मसाला. जर्मनीतल्या एका लॅबमध्ये तिला नोकरी मिळाली होती, पण थिसिस जमा झाल्याशिवाय तिकडचे कागद निघणार नव्हते. राहिला होता तो हाच एक चॅप्टर. आणि तो मी अडवून धरला होता.

"आठ शतांश कुठे सांडले?" मी तिला विचारत असे.

ती केबल तपासून आली. २.१२. घड्याळ तपासून आली. २.१२.

"मॅडम, कायकू की, काय माहीत, हेच येतंय."

"चूक आहे कुठेतरी. शोध."

तिला सापडेना, तेव्हा मीच शोधली. मी म्हटलं, एसी.

एसीचा संबंध असा. आमच्या नल्लकुंट्याच्या फ्लॅटची बेल वाजली की मी समजते कुणीतरी आलं, पुन्हा वाजली की समजते तोच विसरलेली छत्री न्यायला परत आला. प्रत्यक्षात दुसऱ्यांदा आलेला पोस्टमन असतो. तसंच दोन वेगवेगळे म्यूऑन पाठोपाठ आले तर यंत्राला वाटतं, एकच आला आणि मेला. या खोट्या जोड्या वजा कराव्या लागतात. किती, ते कसं कळणार? सोपं आहे. पहिल्या चमकेनंतर बराच वेळ गेला की खरा म्यूऑन कुणीच जिवंत नसतो. तिथेही ज्या जोड्या दिसतात, त्या सगळ्या खोट्या. तेवढ्याच खोट्या सगळीकडे असणार, म्हणून तेवढ्या सगळीकडून वजा करायच्या. सुजाताने हेच केलं होतं.

मी म्हटलं, त्या दूरच्या जोड्यांमधल्या बऱ्याचशा एसीच्या आहेत. कॉम्प्रेसर खटकन सुरू होतो, यंत्र दचकतं. तेव्हा त्या धरू नकोस, कमी वजा कर. कमी वजा केलं की आयुष्य लांबतं. तिने नाराजीनेच कमी केलं. उत्तर २.१६ झालं. मला एसीवरचा संशय पक्का वाटायला लागला. अजून थोडं कमी करायला लावलं. २.२.

बस. शोध संपला. मी फोन उचलला आणि मिठाईवाल्याला लावला. सुजाता टेबलापाशी उभी राहून काही म्हणत होती. मी हात करून तिला थांबवलं, कारण पलीकडून त्याने हॅलो केलं होतं.

तर आता कॉफी रूम रिकामी झाली होती. हबीबसाहेबांनी उरलेला तुकडा रुमालात गुंडाळला आणि शांतपणे म्हणाले, "किताब का जवाबइच होना था तो किताब नाप लेते थे मॅडम. म्यूऑन को कायकू तकलीफ दिये?"

मी लॅबमध्ये गेले. सुजाता तिथे स्क्रीनसमोर बसली होती. खोटं कशाला बोलू, पहिला विचार असा आला की राहू दे. परीक्षक आकडा बघतील, पुस्तकाशी जुळतोय म्हणून मान डोलावतील आणि पोरगी जर्मनीला जाईल. दुरुस्ती करायची तर अजून काही आठवडे. मी हे तिला बोलूनही दाखवलं.

सुजाताने स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "थिसिसवर नाव माझं राहील न मॅडम. तिकडं गेल्यावर कुणीतरी विचारेल, ऋण म्यूऑन कुठं गेले म्हणून. मी काय सांगू?"

"मग काय करू या?"

"एसी बंद करू. एसीचा कसूर असेल तर दूरच्या जोड्या कमी होतील. नाही तर नाही."

मे महिना होता. हैदराबादचा मे. लॅबला खिडकी होती, पण ती कपाटाच्या मागे. दिवसभर एसी बंद ठेवून आम्ही दोघी यंत्रासमोर बसलो. मी परीक्षेच्या पुठ्ठ्याने वारा घेत होते, माझ्या केसांचा नवा रंग ओघळून कानावर आला होता. हबीबसाहेब दारातूनच डोकावले, "कौनसा प्रयोग चल रा, मॅडम को पकाने का?" आणि ताकाचे दोन ग्लास ठेवून पळाले.

संध्याकाळी दूरच्या जोड्या मोजल्या. जेवढ्या एसी चालू असताना होत्या, तेवढ्याच. एसी निर्दोष होता. मी त्याच्यावर आरोप केला, कारण तो सोयीचा होता.

मग आम्ही सगळा हिशोब पहिल्यापासून मांडला, पण या वेळी एक अट घालून. बारकाईच्या मापनात हल्ली मोठमोठे प्रयोगवाले हे करतात. आपलं उत्तर आपल्याच डोळ्यांपासून लपवून ठेवतात. आम्ही सगळ्या मोजलेल्या वेळा हबीबसाहेबांकडे दिल्या, त्यांनी त्यांना एका गुप्त आकड्याने गुणलं आणि परत दिल्या. आता आम्हाला जे उत्तर दिसेल ते बरोबर की चूक, कळायला मार्ग नाही. म्हणजे हवं ते उत्तर आलं म्हणून थांबायची सोयच नाही. जोवर दोघींनाही वाटत नाही की आता तपासायचं काही उरलं नाही, तोवर तपासायचं. मला हे फार जड गेलं. डोळे बांधून पुरणपोळी लाटावी तसं.

सुजाताच्या जर्मनीच्या बॉसचा मेल येऊन पडला होता, नक्की कधी येणार म्हणून. ती तो उघडून बघायची आणि परत बंद करायची.

शेवटी एका सकाळी दोघींनी ठरवलं, आता हात लावायचा नाही. जे येईल ते थिसिसमध्ये जाईल. भलतंच काही आलं तर जर्मनी गेली, हे दोघींना माहीत होतं. हबीबसाहेबांना बोलावलं. ते चष्मा पुसत बसले.

"बोला लवकर," मी म्हटलं.

"सबर करो मॅडम." त्यांनी तो गुप्त आकडा सांगितला. सुजाताने फोनच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, पुन्हा केला आणि फोन माझ्यापुढे धरला.

२.१२. आधी होतं तेच.

"मेरा हिसाब भी यहीच बोलता," हबीबसाहेब म्हणाले, आणि कॉफी करायला उठले. सुजाता खुर्चीवर बसली आणि तिने पहिल्यांदा तो मेल उत्तर देण्यासाठी उघडला.

मी एवढं शिकले की उत्तर चुकलंसं वाटलं की आपण जीव तोडून तपासतो, आणि हवं तसं आलं की तपासणं थांबवतो. चुका त्या थांबलेल्या जागी बसलेल्या असतात. पुढे रिटायर होईपर्यंत माझ्या लॅबमध्ये गुप्त आकड्याशिवाय कुणाला काही मोजू दिलं नाही. विद्यार्थी वैतागायचे. वैतागू देत.

व्हायवा छान झाली. बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं विचारलं, ऋण म्यूऑनचं काय केलं? सुजाताने घडाघडा सांगितलं. नंतर कॉरिडॉरमध्ये ती मिठाईचा बॉक्स घेऊन आली, या वेळी तिच्या पैशाने. मी एक तुकडा घेतला आणि इतके दिवस मनात असलेलं विचारलं.

"अगं, एसी बंद करून बघू, हे मिठाई मागवायच्या आधी का नाही सुचलं तुला?"

ती म्हणाली, "तेव्हाच सांगायले होते मॅडम. तुम्ही हात केला, म्हणल्या, थांब, आधी वर्ख लावायचा की नाही ते मिठाईवाल्याला सांगू दे."