आमच्या चौकीची चौकशी मागणाऱ्या ताई

जपानमधल्या सेंदाईत पोलिसाने सायकल थांबवून नोंदणी तपासायला घेतली, की आम्ही परदेशी विद्यार्थी गडबडून जायचो. ताई मात्र सगळी उत्तरं द्यायच्या, कमरेतून वाकायच्या आणि तितक्याच नम्रपणे त्याचं नाव विचारायच्या. मला म्हणायच्या, "नाव विचारलं की माणूस नीट वागतो."

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर पुष्कळ परदेशी परत गेले, ताई विद्यापीठातल्या आपल्या प्रयोगशाळेतच राहिल्या. पुढे मी तिथे पीएचडीला गेलो तो त्यांच्याच शिफारशीने. आम्ही दोघं एकाच गावातले, एकाच कॉलनीतले. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. पहिल्या थंडीत त्यांनी स्वतःचा हीटर मला आणून दिला. कचरा वेगळा करायलाही शिकवलं. "बाटलीचं झाकण वेगळं टाकायचं, येड्या! शेजारच्या आजी मला बोलतात."

गावी आमच्या कॉलनीतल्या पोलीस चौकीत चोरीची तक्रारसुद्धा पैसे घेतल्याशिवाय लिहून घेत नसत. ताईंच्या भावाच्या दुकानात चोरी झाली, त्याने पैसे नाकारले, तर त्यालाच मारहाण झाली. तेव्हापासून ताई दर रविवारी वरपर्यंत अर्ज पाठवायच्या. मागणी एकच: चौकशी स्वतंत्र हवी, पोलीस खात्याबाहेरची. "पोरांनी आपापले पेपर तपासले तर नापास कोण होईल रे?"

पण साक्षीला कोणी तयार होईना. माझ्या वडिलांची, आबांची, इस्त्रीची टपरी चौकीसमोरच होती. साहेबांचे गणवेश ते फुकट करून देत, आणि आत कोण काय घेऊन जातं तेही त्यांना दिसे. एकदा ताई म्हणाल्या, "काका बोलले तर..." आणि स्वतःच थांबल्या. "नको. टपरी उठवतील. तुझं शिक्षण होऊ दे आधी."

मी चहाच्या कपात बघत राहिलो. मला हायसं वाटलं होतं.

लॅबचा करार अर्धवट सोडून ताई भावाच्या बाजूने उभं राहायला गावी गेल्या. स्टेशनवर मी बॅग धरून राहिलो, तर म्हणाल्या, "सोड आता, गाडी तुझ्यासाठी थांबणार नाही." चौकशी शेवटी पोलीस खात्याकडेच गेली. साक्षीदार नाही म्हणून प्रकरण मिटलं. भावाने दुकान विकलं, ताईंना पुन्हा जपानला येता आलं नाही.

मी आबांना फोनवर सगळं सांगितलं. ताईंनी तुम्हाला मुद्दाम लांब ठेवलं, हेही सांगितलं.

"मला विचारायचं तरी होतंस, बाळा," आबा म्हणाले. "टपरी काय, दुसरीकडे लावली असती. मी गेलो असतो."