प्रकाशनाला पाहुणा हवा

त्या समितीचा विषय निघाला तरी आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षकांनी धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत तीन दिवसांचं इंग्रजी संमेलन भरवलं. सगळं हौसेचं काम, सतरंज्यासुद्धा घरून आणलेल्या. दहावीचा एकेक धडा चांगल्या शिक्षकानं शिकवायचा, मी तो टेप करायचा आणि जिथे इंग्रजीला मास्तरच नाही त्या गावांना कॅसेटी पाठवायच्या, असा बेत.

जानेवारीत प्रती तयार झाल्या. मग आम्हा शिक्षकांच्याच समितीची बैठक बसली. "प्रकाशन केल्याशिवाय वाटायच्या कशा? पाहुणा नको?" जळगावचे एक मोठे पाहुणे ठरले. त्यांना सवड होईना. तोवर आमच्यात पत्रिकेवर कोणाचं नाव आधी, यावरून भांडणं. अरे, दहावीची परीक्षा मार्चमध्ये असते, हे शिक्षकांना मी सांगायचं?

साक्रीकडचे एक नाना दर आठवड्याला एसटीनं येऊन माझ्या दारात उभे राहायचे. "भाऊ, व्हयन्यात का कॅसेटी?" झाल्या का, एवढंच विचारायचे. त्यांच्या नातीच्या शाळेत इंग्रजीला मास्तर नव्हता. पास झालीस तर कॉलेज, नाहीतर लग्न, असं बापानं तिला बजावलेलं. मी दर वेळी सांगायचो, पुढच्या आठवड्यात या. चहा मात्र पाजायचो.

प्रकाशन झालं मे महिन्यात. वरातीमागून घोडं! पाहुण्यांनी रंगीत कागद सोडला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. जूनमध्ये निकाल लागला. नात एकट्या इंग्रजीत नापास झाली.

मी कॅसेटी घेऊन नानांच्या गावी गेलो. का गेलो, देव जाणे. अंगणात मांडवाचे खांब रोवणं चाललं होतं. नानांनी एक कॅसेट उलटसुलट करून पाहिली.

"हाई कव्हय तयार व्हयनी व्हती?"

"जानेवारीत."

"मंग दिधी काबरं नही?"

का दिली नाही म्हणून मी समिती, ठराव, पाहुणा असं सगळं सांगत सुटलो. समितीला मी तेव्हा शिव्या घातल्या, अजूनही घालतो. पण एक गोष्ट नानांना सांगायची माझी छाती झाली नाही. ते चार महिने कॅसेटी माझ्याच घरच्या कपाटात होत्या, आणि किल्ली माझ्या खिशात.