साओ पावलोतलं जेवण

आमच्या गल्लीतले फिटरमामा ब्राझीलला जाऊन आले होते. साओ पावलोत एक यंत्र जोडून दिल्यावर शहर बघायला त्यांना दोन दिवस मोकळे मिळाले. कट्ट्यावर सगळे विचारायचे, "मामा, काय काय बघितलं?"

"चर्च बघितलं. थोरलं हाय, पर आपल्या अंबाबाईच्या देवळाची सर न्हाई. बाजार बघितला. पपया ह्येवढाल्या, पर नुसत्या पाणचट." अख्खं शहर ते दोन मिनिटांत उरकायचे. मग मांडीवर थाप मारून म्हणायचे, "आता जेवणाचं ऐका. नवरा-बायकोची खानावळ हुती. गिऱ्हाइकं सरल्यावर मालकानं बायकोला खुर्चीत बसवलं आणि सोत्ता वाढलं की! मी बघतच ऱ्हायलो."

लोक हसायचे. मीही हसायचो.

एका रविवारी त्यांना आमच्याकडे मटणाला बोलावलं. आमची जेवणं झाली. मामा हात धुऊन आले आणि जायचं सोडून स्वयंपाकघराच्या दारातच उभे राहिले.

"वैनी, आता तुम्ही बसा."

"अहो, मी घेईन मागून, सगळं आवरल्यावर. रोजचंच आहे," बायको लाजून म्हणाली.

मामांनी तिच्या हातातली पळी घेतली आणि माझ्यापुढे धरली. "मी पावणा हाय. तुम्ही वाढा."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिची वाटी कुठली, हेही मला तिलाच विचारावं लागलं. मी तांबडा रस्सा वाढला. तिनं एक भुरका घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

रस्सा तिनंच केला होता.